पितळेत लिहिलेला इतिहास



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे अशी चालकांची सूचना आली, तेव्हा आमच्याकडून पवनीच्या स्तूपांविषयी, अंबागडच्या किल्ल्याविषयी किंवा नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीविषयी काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो असा : जुन्या विलायती आगगाड्यांच्या इंजिनांच्या व डब्यांच्या प्रतिकृती. चालक क्षणभर घोटाळ्यात पडले. 'म्हणजे खेळणी?' असा त्यांनी प्रश्न केला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आमचे आजचे बोलणे समजावे.

खेळणे आणि प्रतिकृती यांत भेद आहे. खेळण्यातली गाडी पोराला गाडीसारखी वाटली की तिचे काम झाले. तिचे धुराडे थोडे जाड असले, चाके दोन कमी असली, तर कोणाचे काही बिघडत नाही. प्रतिकृतीचे तसे नाही. मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करावयाचे, हा तिचा नियम. धुराडे शहात्तर पटींनी लहान केले तर त्या धुराड्यावरची कडाही शहात्तर पटींनीच लहान झाली पाहिजे. हा नियम एकदा पत्करला की मनुष्याला अंदाजाने काही करता येत नाही. मूळ वस्तू कशी होती हे त्याला शोधून काढावे लागते, आणि येथेच तो इतिहासाच्या प्रांतात पाऊल टाकतो.

हा छंद मूळचा इंग्लंडचा. पर्सिव्हल मार्शल या गृहस्थाने १८९८ साली लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनियर' नावाचे नियतकालिक काढले आणि घरच्या घरी लेथ व कानस चालविणाऱ्या हौशी कारागिरांना एकत्र आणले. पुढच्याच वर्षी नॉर्दॅम्प्टन गावच्या बासेट-लोक नावाच्या तरुणाने टपालाने इंजिनांचे भाग आणि तयार प्रतिकृती विकण्याचा धंदा मांडला. हेन्री ग्रीनली हा त्याचा आराखडे काढणारा सहकारी. १९१० साली लंडनमध्ये 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला. १९२० पासून फ्रॅंक हॉर्नबी याच्या किल्लीच्या गाड्या बाजारात आल्या आणि जो छंद सधन मंडळींचा होता तो मध्यमवर्गीय घरांत शिरला. १९३८ साली त्याच कंपनीने त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्या काढल्या, त्या जेवणाच्या टेबलावर मावत.

परंतु ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्या आरंभीच्या काळात या प्रतिकृती इतिहासाच्या नव्हत्या. रस्त्याने जी गाडी रोज जाई तिचीच लहान आवृत्ती घरात धावे. १९४८ च्या पहिल्या दिवशी तेथील चार मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या आणि त्यांचे रंग, त्यांची चिन्हे हळूहळू पुसली गेली. पुढे ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेवरील वाफेच्या गाड्यांचा शेवट झाला. त्यानंतर मात्र या छंदाचे रूप पालटले. अमुक सालच्या उन्हाळ्यात अमुक शाखेवर कोणते इंजिन होते, त्यामागे किती डबे होते, त्यांचा रंग कोणता होता, याचा शोध हेच छंदाचे मर्म होऊन बसले. डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूचे मोल आपल्याला वाटत नाही. ती गेली म्हणजे आपण तिच्या खिळ्यांची संख्या विचारीत फिरतो.

त्या मंडळींचा काटेकोरपणा किती, याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडातील लोकप्रिय प्रमाण म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर. तिकडच्या खऱ्या रुळांतील अंतर ४ फूट ८॥ इंच, म्हणून प्रतिकृतीत ते १८.८३ मिलिमीटर पाहिजे. दुकानात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. हा फरक सव्वादोन मिलिमीटरांहून थोडा अधिक, म्हणजे तूरडाळीच्या एका दाण्याएवढाही नाही. परंतु तेवढ्यासाठी तेथे पंथ पडले. एक पंथ दुकानचे रूळ चालवून घेणारांचा, दुसरा अठरा मिलिमीटरवाल्यांचा, तिसरा १८.८३ वर हटून बसणारांचा. आपल्याला हसू येईल. आम्हांलाही येत असे. पण आपल्या जिल्ह्यातील गाडीची प्रतिकृती करावयास बसलो तेव्हा ते हसू मावळले. ते कसे, हे पुढे सांगतो.

मराठी माणसाचे या विषयातील कुतूहल आजचे नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली आणि १८५४ सालीच कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे मराठी पुस्तक निघाले. गाडीत बसण्यापूर्वी गाडी समजून घ्यावी, ही त्यामागची वृत्ती. प्रतिकृतीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे प्रथम राजेलोकांची हौस दिसते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गाडी. पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट नेणे हे तिचे काम. तिकडील नॅरोगेज रेल्वे वाढविणाऱ्या माधवराव महाराजांना आगगाडीचा खराच नाद होता. तरीही चांदीची ती गाडी म्हणजे वैभवाचे प्रदर्शन. ती कोणत्याही विशिष्ट इंजिनाचा इतिहास सांगत नाही.

त्याच्या उलट टोकाला पुण्याचे उदाहरण आहे. कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. एका खोलीत एक आखे गाव, त्यातून धावणाऱ्या वाफेच्या व विजेच्या गाड्या, सिग्नल, पूल, रात्रीचे दिवे असा तो थाट. तेथे शाळकरी मुले तोंडात बोट घालून उभी असतात. राजवाड्यातील टेबलापासून कोथरूडच्या त्या खोलीपर्यंत हा छंद आला, ही मोठीच मजल होय. परंतु त्याच्यापुढची एक पायरी अद्याप राहिली आहे. ती म्हणजे आपल्या गावावरून जी गाडी खरोखर गेली, ती जशी होती तशी करून ठेवणे. भंडारा जिल्ह्यापुरते त्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्याच्या भूमीने रेल्वेचे तीन गेज पाहिले आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. ती ५ फूट ६ इंच रुंदीची, म्हणजे १६७६ मिलिमीटरची बडी लाइन. पुढे छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूरहून पूर्वेकडे रूळ टाकावयाचे ठरले, तेव्हा लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीपासून सरकारने काटकसरीचे म्हणून मीटर गेजचे धोरण धरलेले होते. त्यामुळे १८८० ते १८८२ च्या दरम्यान भंडारा व तुमसर भागातून राजनांदगावकडे गेलेली नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटर गेजची झाली. परिणाम असा की पोते न् पोते नागपुरात एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने ही लाइन घेऊन बडी केली आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंतचा मार्ग जोडला. जो मीटर गेज आपल्याकडे जेमतेम दहा वर्षे नांदला तो आज कोणाच्या स्मरणातही नाही. वरठीचे भंडारा रोड आणि देव्हाडीचे तुमसर रोड ही स्थानके पाहताना येथे कधी काळी अरुंद रूळ होते अशी शंकादेखील येत नाही.

तिसरा गेज आपल्या आठवणीतला. २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ज्याला सगळे छोटी लाइन म्हणत. गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी लाइन १९०३ ते १९०५ च्या दरम्यान झाली. गोंदिया-नागभीड आणि नागपूर-नागभीड या लाइनी १९०८ च्या सुमारास आल्या. गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणून सौंदड व अर्जुनीची छोटी गाडीही आपलीच म्हणावयाची. पवनीकरांना नागपूर-नागभीड लाइनवरचे पवनी रोड स्थानक होते. यांपैकी गोंदिया-चांदाफोर्ट लाइन १९९० च्या दशकात बडी झाली. जबलपूरच्या लाइनचेही पुढे तेच झाले. नागपूर-नागभीड ही शेवटची छोटी गाडी बडी लाइन टाकण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. सोय झाली, वेग वाढला. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण शंभरांहून अधिक वर्षांचा एक संसार त्यासरशी आटोपला, हेही खरे.

आता वर सांगितलेल्या हसण्याकडे येतो. फुटाला चार मिलिमीटर या विलायती प्रमाणाने आपली बडी लाइन २२ मिलिमीटरची होते, मीटर गेज सुमारे १३ ची आणि छोटी लाइन बरोबर १० ची. दुकानात मिळतात ते रूळ १६.५ चे आणि ९ चे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील तीन गेजांपैकी एकही बाजारात नाही! तयार रुळांवर आपली गाडी उभी केली की ती आपली राहत नाही. बड्या लाइनीचे इंजिन अरुंद रुळांवर उंटासारखे उभे दिसते. इंग्लंडातल्या हौशी माणसाला दोन-सव्वादोन मिलिमीटरांचे भांडण होते. आपल्याला साडेपाचांचे आहे. ज्यांचे कारखाने, त्यांच्याच रुळांवर आपला इतिहास चालवायचा की रूळही आपण स्वतः टाकायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढे उभा राहतो. आम्ही दोघा-तिघांनी रूळ स्वतः टाकावयाचे ठरविले. लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे स्लीपर, त्यांवर पितळी तार, आणि अंतर मोजावयास घरी कापलेली दहा मिलिमीटरची पट्टी. एक हात लांबीचा रूळ टाकावयास आम्हांला दोन रविवार लागले.

प्रमाणाचे गणित आणखीही काही शिकविते. नागपूर ते गोंदिया अंतर सुमारे १३० किलोमीटर. शहात्तर पटींनी लहान केले तरी ते पावणेदोन किलोमीटरांच्या जवळ जाते. एवढे घर कोणाचे आहे? तेव्हा निवड करावी लागते. एखादे स्थानक, एखादा पूल, एखादे वळण घ्यावयाचे आणि बाकीचे सोडावयाचे. इतिहास लिहिणाराही हेच करतो. फक्त त्याने काय सोडले हे वाचकाला दिसत नाही, आणि प्रतिकृतीत ते टेबलाच्या काठावर उघड दिसते. वजनाचे गणित तर अधिकच नवलाचे. बंगाल-नागपूर रेल्वेची 'एन' वर्गाची गॅरेट इंजिने मॅंचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात १९३० च्या सुमारास तयार झाली. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याचे वजन सुमारे २३४ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शहात्तर पटींनी घटली की हे वजन अर्ध्या किलोच्या घरात येते. म्हणून प्रतिकृती चालविली तरी तिच्यात खऱ्या इंजिनाचा धीमेपणा सहजासहजी येत नाही. इतिहासाचा आकार पकडता येतो, त्याचा भार पकडणे कठीण.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. 'परक्यांनी आपल्या सोयीसाठी आणलेली ही इंजिने. त्यांच्या प्रतिकृती करून तुम्ही कोणाचा गौरव करता?' दादाभाई नौरोजींनी आणि ग. व्यं. जोशांसारख्या अर्थशास्त्र्यांनी रेल्वेच्या खर्चाविषयी जे कठोर लिहिले ते आम्ही विसरलो नाही. आरंभीच्या कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून पुरी होत होती. अजमेरच्या कारखान्यात १८९५ सालीच येथील पहिले इंजिन तयार झाले. म्हणजे आपल्या हातांना ते येत नव्हते असे नाही. तरीही स्वातंत्र्यापूर्वी बारा हजारांहून अधिक इंजिने ब्रिटनमधून आली आणि येथे तयार झाली ती सातशेच्या आसपास. आपल्या तुमसर भागातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज खणले गेले तेही मुख्यतः परदेशी पोलादासाठी. माती आपली, मजुरी आपली, आणि नफ्याचे गाव दूर.

हे सर्व मान्य करून आम्ही असे म्हणतो की प्रतिकृती करणे म्हणजे आरती करणे नव्हे. उलट, नीट मोजमाप घेणारा मनुष्य या व्यवहाराच्या जितका जवळ जातो तितका भाषणे करणारा जात नाही. मॅंगनीजच्या गाडीचेच घ्या. नवखा मनुष्य प्रतिकृतीतील वाघीण शीग लावून भरतो. पण हे खनिज इतके जड की वाघीण अर्धीमुर्धी भरली तरी तिचा वजनाचा ठराव पुरा होई. खरी प्रतिकृती करणाराने वाघिणीच्या तळाशी थोडासा काळा ढीग ठेवला पाहिजे. तो ढीग पाहून मूल विचारते, 'गाडी रिकामी का?' आणि मग चिखल्याच्या खाणीची, ते दगड फोडणाऱ्या बायामाणसांची आणि आगबोटीची गोष्ट सांगावी लागते.

डब्यांचेही तसेच आहे. छंदिष्ट मंडळींचे सारे प्रेम इंजिनावर. तीन मोठे कारखाने एक होऊन १९०३ साली ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश कंपनी झाली. तिची 'सी. सी.' वर्गाची देखणी इंजिने आपल्या छोट्या लाइनवर चालत. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. त्यानंतर 'झेड. ई.' वर्गाची अधिक जोरकस इंजिने आली. त्यांतली कित्येक इंग्लंडची, पण काही जर्मनी-जपानचीही होती. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर कारखान्याच्या नावाची, सालाची आणि अनुक्रमांकाची धातूची पाटी असे. त्यामुळे त्याची वंशावळ सापडते. मूळ आराखडेही मॅंचेस्टर आणि ग्लासगो येथील संग्रहांत जपलेले आहेत. ह्यू ह्यूज या इंग्रज संशोधकाने हिंदुस्थानातील इंजिनांची चार भागांत यादी केली आणि १९९० ते १९९६ या काळात ती छापली गेली. आपल्या गावावरून गेलेल्या इंजिनाचा जन्मदाखला आपल्याला त्या परक्या माणसाच्या पुस्तकात पाहावा लागतो. त्याचे उपकार मानावेत, आणि थोडी लाजही वाटून घ्यावी.

डब्याला मात्र बहुधा अशी पाटी नाही. चाके, धुरे आणि खालची लोखंडी चौकट विलायतेहून येई. वरचा सागवानी सांगाडा येथल्या रेल्वे कारखान्यांतले सुतार जोडीत. त्यांची नावे कोणत्याही संग्रहात नाहीत. परंतु डबा मोजावयास घ्या, आणि तो सुतार आपल्याशी बोलू लागतो. दोन खिडक्यांमधील अंतर चारही ठिकाणी सारखे नसते. दाराच्या चौकटीला पुढे कधीतरी वेगळ्या लाकडाचा तुकडा जोडलेला दिसतो. पहिल्या वर्गाच्या बाकाची रुंदी आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकाची रुंदी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली, की महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर १९१७ साली पुस्तिका का लिहिली हे समजावयास वेगळी टीका वाचावी लागत नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, कोणी हा छंद धरील त्याने साहेबाच्या सलूनपासून आरंभ करू नये. तिसऱ्या वर्गाच्या डब्यापासून करावा.

आम्ही स्वतः तसा आरंभ केला आणि पहिल्याच डब्याला ठेच खाल्ली, ती हकीगत सांगतो. फुटाला चार मिलिमीटरच्या मापात कलाकुसर साधेना, म्हणून डबा आम्ही फुटाला सात मिलिमीटरच्या मोठ्या प्रमाणाने केला. छोट्या लाइनचा एक जुना डबा फलाटाला लागून उभा होता, त्याची मापे आम्ही घेतली. घरी येऊन पितळी पत्रा कापला, मागून बोथट खिळ्याने ठोकून रिबिटांचे ठसे उठविले, रंग दिला आणि मोठ्या अभिमानाने तो डबा एका वृद्ध गृहस्थांना दाखवावयास नेला. हे बाबाजी तरुणपणी छोट्या लाइनवर आगवाला होते. इंजिनात कोळसा टाकण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. नजर अधू झाली होती, म्हणून त्यांनी डबा हातात घेऊन बोटांनी चाचपला. छपरावरून हात फिरविला, खिडक्या मोजल्या, आणि बोट दाराखाली नेऊन ते थांबले. 'भाऊ, पायऱ्या कोठी हायेत?' त्यांनी विचारले.

पायऱ्या आम्ही केल्याच नव्हत्या. डबा फलाटाला लागून होता, त्यामुळे दाराखालचा भाग आम्हांला दिसला नव्हता, आणि वाकून पाहण्याची बुद्धी झाली नव्हती. बाबाजी सांगू लागले, लहान स्थानकांवर फलाट कसला, नुसती मुरमाची जमीन. बाया डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू घेऊन त्या पायऱ्यांवरून चढत. वरचा माणूस आधी लेकरू घेई, मग गाठोडे, मग बाईला हात देई. गाडी तोवर थांबे. ड्रायव्हर मागे वळून पाही आणि शेवटची बाई चढल्याशिवाय शिटी देत नसे. एवढे सांगून त्यांनी डबा परत दिला आणि म्हणाले, 'पायरी लाव. नाही तर चढतीन कशा?'

आम्ही पायऱ्या लावल्या. एक पायरी म्हणजे पितळेची नखाएवढी पट्टी; पण तिच्यासाठी आम्ही पुन्हा त्या डब्यापाशी गेलो, गुडघे टेकून बसलो आणि मोजून आलो. पायरीच्या मधोमध लाकूड झिजून खोलगट झाले होते. ती झीज कोणत्याही आराखड्यात असणे शक्य नाही. आराखडा सांगतो की गाडी कशी असावी. झीज सांगते की ती कशी वापरली गेली. बाबाजी त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यांना विचारावयाचे अजून पुष्कळ होते. छायाचित्रे काळी-पांढरी, त्यांवरून डब्याचा रंग कळत नाही. कोणत्या साली कोणता रंग होता हे त्यांनी सांगितले असते. आता जुन्या फळीवरचे रंगाचे थर एकेक खरवडून ते ठरवावे लागते.

आता हे काम आपल्याकडेच का व्हावे, त्याचे एक खास कारण सांगतो. प्रतिकृतीचे मुख्य साहित्य म्हणजे पितळ. पातळ पत्रा, तार, कथील आणि शिशाचा डाख. आणि आपला भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठीच प्रसिद्ध! इंग्लंडातील हौशी माणूस जे पुस्तकातून शिकतो ते आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या हातात आहे. आमचाच अनुभव असा. बारीक भाग जोडताना नव्या सांध्याला उष्णता दिली की शेजारचा जुना सांधा सुटे. आम्ही महिनाभर हैराण होतो. शेवटी भांडी घडविणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने एक शब्द न बोलता चिमूटभर ओली माती जुन्या सांध्यावर थापली, नवसागर लावून नवा सांधा डाखला आणि तुकडा आमच्या हातावर ठेवला. मातीने उष्णता अडविली होती. 'एवढंच होतं?' आम्ही म्हटले. 'एवढंच असते जी,' तो म्हणाला. स्टीलच्या भांड्यांनी पितळेची मागणी उतरविल्यापासून त्याच्यासारख्यांचे हात रिकामे होत चालले आहेत. ज्या गाडीचे स्मरण आम्हांला जपावयाचे आहे ती गेली, आणि ज्या हातांनी ते जपता येईल तेही जाण्याच्या वाटेवर आहेत. दोन्ही गेल्यावर आपल्या नातवंडांनी भंडाऱ्याच्या छोट्या गाडीची प्रतिकृती परदेशातून मागवावी, अशी वेळ येऊ नये.

संग्रहालये आहेत, नाही असे नाही. नागपूरला मोतीबाग येथे छोट्या लाइनचे संग्रहालय २००२ सालापासून आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. दिल्लीचे संग्रहालय १९७७ सालचे. त्याच्या उभारणीत माइक सॅटो या इंग्रज इंजिनियराचा मोठा वाटा होता. भंगारात निघालेली जुनी इंजिने गावोगाव हिंडून शोधावयाची आणि ती राखून ठेवा म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागावयाचे, हे त्याने केले. परंतु संग्रहालयात एक इंजिन राहते, एक डबा राहतो. तो डबा ज्या स्थानकात थांबे ते स्थानक, तेथील पाण्याचा नळखांब, तिकिटाची खिडकी, चिंचेखालचा बाक, मुरमाचा फलाट हे तेथे मावत नाही. ते प्रतिकृतीत मावते. एका पाटावर पवनी रोडचे अख्खे स्थानक उभे करता येईल.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. मोजपट्टी, वही, गुण्या, कानस आणि चिकाटी एवढी सामग्री पुरे. आमची शाळांतील शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी मुलांना एक सुटी या कामासाठी द्यावी. जी जुनी स्थानके, कर्मचाऱ्यांच्या चाळी, पूल व मोऱ्या अजून उभ्या आहेत त्यांची मापे मुलांनी रीतसर परवानगी घेऊन घ्यावीत. मोठ्यांनी रुळांजवळ त्यांच्यावर नजर ठेवावी. घराघरांत जुने रेल्वे कामगार आहेत, त्यांच्याजवळ बसावे. त्यांना 'इतिहास सांगा' म्हटले तर ते सांगणार नाहीत, संकोचतील. त्यांच्या हातात अर्धवट केलेला डबा द्यावा आणि चुकले काय ते विचारावे. मग ते बोलतील.

चालकांनी विचारले होते, 'म्हणजे खेळणी?' आमचे उत्तर असे की, होय, मुले त्यांच्याशी खेळतीलही, आणि खेळावेच. खेळता खेळता एखादे मूल त्या नखाएवढ्या पायरीवर बोट ठेवील आणि ही कशाला म्हणून विचारील. त्या वेळी उत्तर देणारा कोणीतरी भंडारा जिल्ह्यात असावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.